डिकीतलं पाणी वायरमधून कसं चालतं?

मागच्या काचेवर पाणी मारायचं बटण दाबलं. पंपाचा घुर्र आवाज आला, वायपर दोनदा फिरला, काचेवर मात्र चारच थेंब. आपण काय करतो? बटण पुन्हा दाबतो, जरा जास्त वेळ. मग 'बघू कधीतरी' म्हणून सोडून देतो. पण पुढच्या टाकीतलं पाणी तर कमी होतंय ना? पंप फिरतोय, टाकी रिकामी होतेय, काच कोरडी आहे. मग पाणी गेलं कुठे?

आजची पोस्ट या एका प्रश्नावर. पीएचडीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की 'विषय कुठून आणायचा?' विषय आणायला लांब जावं लागतंच असं नाही. या एका गळतीत द्रवयांत्रिकी आहे, विद्युतरसायन आहे, आणि कुठल्याच अभ्यासक्रमात नीट न शिकवली जाणारी एक गोष्ट आहे: समोर दिसणाऱ्या लक्षणाचं खरं कारण कसं ठरवायचं.

आधी एक उदाहरण. शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्यात ओळखीचे एक काका आहेत, पपई आणि केळीवाले. त्यांची सात-आठ वर्षं वापरलेली हॅचबॅक. तक्रारी अशा की ऐकणाऱ्याला वाटावं गाडीत भूत आहे. नंबर प्लेटचा दिवा लुकलुकतो. रिव्हर्स कॅमेरा कधी दिसतो, कधी काळा. डिकी बटण न दाबता आपोआप उघडते. सकाळी बॅटरी मेलेली. शेवटी वरचा, काचेजवळचा ब्रेक लाइट बंद. गॅरेजवर वर्षभरात एक बल्ब, एक डिकीचं बटण आणि एक बॅटरी बदलून झाली. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मिस्त्रींचं निदान ठरलेलं: 'काका, पावसाचं पाणी शिरलंय, रबर बदलू.' रबरही बदललं.

यात नुसता पैशाचा प्रश्न नाही. कारखान्याच्या हंगामात रात्री आमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे धड दिवे नसतात. त्यांच्यामागून चालताना सारखा ब्रेक लागतो. तुमच्या गाडीचा ब्रेक लाइट त्या वेळी लागला नाही, तर मागून येणाऱ्याला कळणार कसं?

नळी कुठून जाते

बहुतेक हॅचबॅक गाड्यांत वॉशरची टाकी एकच असते, पुढे बॉनेटखाली. पुष्कळ गाड्यांत पंपही एकच असतो. मोटर एका दिशेला फिरली की पुढच्या काचेला पाणी, उलटी फिरली की मागच्या. मागच्या काचेसाठीची बारीक नळी मग पूर्ण गाडीची लांबी पार करते: कधी दाराच्या उंबऱ्याखालून, कधी छताच्या कापडाच्या आतून. शेवटी ती डिकीच्या दारात शिरते. दार तर उघडझाप करणारं, म्हणून छत आणि दार यांच्यामध्ये एक रबरी भाता असतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा चुण्यांचा. डिकीच्या सगळ्या वायरी याच भात्यातून जातात, आणि पाण्याची नळीसुद्धा.

म्हणजे पाणी आणि वीज एकाच नळकांड्यात शेजारी शेजारी, आणि ते नळकांडं दिवसातून पाच-दहा वेळा वाकवलं जातं. घरात कुणी वायरमन असं करायला लागला तर आपण त्याला हाकलून देऊ. गाडीत ते चालतं, कारण जागा कमी आहे आणि नळी फुटणार नाही असं गृहीत धरलेलं आहे.

गळतीच्या ठरलेल्या जागा तीन-चारच आहेत. एक, भात्याच्या आत नळीला वाकून वाकून पडलेली चीर. दोन, भात्याच्या आधी किंवा नंतर असलेला प्लास्टिकचा सांधा. तीन, काही गाड्यांत फवाऱ्याचं तोंड वरच्या ब्रेक लाइटच्या डब्यातच बसवलेलं असतं, तिथला सांधा. चौथी जागा सगळ्यात वाईट: काही गाड्यांत पाणी वायपरच्या पोकळ दांड्यातून बाहेर येतं, आणि आतलं सील गेलं की ते थेट वायपरच्या मोटरमध्ये उतरतं.

सांधा सुटतो का?

इथे आमच्या भागातल्या कुणालाही पटकन कळेल असं उदाहरण आहे: ठिबक. बोअरचं पाणी जड असलं की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो. ड्रिपर चोक झाले, पण पंप चालूच आहे. मग काय होतं? नळी जिथे सगळ्यात कमजोर तिथे सुटते, बहुतेक वेळा जोडावर. शेतकरी नुसता जोड परत बसवून थांबत नाही, तो आम्लाचं पाणी सोडून ड्रिपर साफ करतो. कारण त्याला माहीत असतं की जोड सुटणं हा परिणाम आहे, कारण पुढे ड्रिपरच्या तोंडात आहे.

वॉशरचं अगदी तेच. फवाऱ्याचं भोक मिलिमीटरपेक्षाही लहान. त्यावर धूळ, ऊन, आणि टाकीत भरलेलं बोअरचं पाणी. पाण्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट सुकताना कॅल्शियम कार्बोनेट होऊन तिथेच बसतो. भोक बंद होतं. वॉशरचा छोटा पंप पाणी भिरकावून ढकलणाऱ्या जातीचा, म्हणजे केंद्रोत्सारी. अशा पंपाचा स्वभाव असा की पुढचा प्रवाह जवळजवळ बंद झाला की दाब सगळ्यात जास्त होतो. त्या दाबाला जुनी, कडक झालेली नळी किंवा सैल सांधा बळी पडतो. आणि आपण? काचेवर पाणी येत नाही म्हणून बटण आणखी जोरात, आणखी वेळ दाबतो. गळतीला मदतच.

पाणी वर कसं चढलं?

आता गंमत सुरू होते. काकांच्या गाडीत गळती छताजवळ होती, आणि गंजलेले कनेक्टर दोन ठिकाणी होते: एक खाली, मागच्या दिव्याच्या कोपऱ्यात, आणि एक डिकीच्या दारात, गळतीपासून हातभर बाजूला, जिथे पाणी नुसतं ओघळून पोचणार नाही. खालचं समजतं. वायर म्हणजे पाण्याला तयार रस्ता, ते तिच्यावरून ओघळत सगळ्यात खालच्या बिंदूपर्यंत जातं. म्हणून तर खांबावरून येणारी सर्व्हिस वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घेतात. पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं, मीटरपर्यंत येत नाही. चांगल्या वायरिंगमध्ये गाडीतही असा झोळ ठेवलेला असतो.

पण आडवं आणि वर? त्यासाठी वायरच्या आत बघावं लागतं. गाडीतली वायर एकसंध तार नसते. बारीक तारांचा पीळ असतो, वरून प्लास्टिकचं आवरण. तारा गोल, म्हणजे त्यांच्यामध्ये फटी राहणारच. तीन गोल तारा एकमेकींना चिकटून ठेवल्या तर मधल्या फटीत मावणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या तारेच्या त्रिज्येच्या ०.१५५ पट येते (भूमितीत स्वतः काढून बघा, दहावीचं गणित आहे). तार ०.२ मिलिमीटर व्यासाची धरली तर फटीची त्रिज्या सुमारे ०.०१५५ मिलिमीटर, म्हणजे साडेपंधरा मायक्रॉन. ही झाली केशनलिका.

केशाकर्षणाने पाणी किती उंच चढतं याचा नियम जेम्स ज्युरिनच्या नावावर आहे, १७१८ सालचा. उंची म्हणजे दोन गुणिले पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाची कोसाइन, भागिले घनता, गुरुत्व आणि त्रिज्या यांचा गुणाकार. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. पाणी तांब्याला पूर्ण भिजवतं असं धरलं तर उत्तर येतं जवळजवळ ९५ सेंटिमीटर! अर्थात तांबं इतकं भिजत नाही. स्पर्शकोन ६० अंश धरा, तरी ४७ सेंटिमीटर. हातभर उंची सहज.

किती वेळात? त्याचा नियम लुकास याने १९१८ मध्ये आणि एडवर्ड वॉशबर्नने १९२१ मध्ये दिला. आडव्या केशनलिकेत पाण्याने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. वरचेच आकडे आणि पाण्याची श्यानता ०.००१ पास्कल-सेकंद घेतली तर ३० सेंटिमीटरला सुमारे साडेपाच मिनिटं, १ मीटरला एक तास, २ मीटरला चार तास. अंतर दुप्पट, वेळ चौपट. खऱ्या वायरीत पीळ असतो, तेल असतं, फटी सारख्या नसतात, म्हणून याहून बराच जास्त वेळ लागेल. पण आकड्याचा दर्जा बघा: तास आणि दिवस लागतात, वर्षं नाहीत. संशोधनात पहिलं काम हेच असतं. नेमकं उत्तर नंतर, आधी 'हे शक्य तरी आहे का' एवढं पाठीमागच्या पानावर काढायचं.

एक बाजूची गोष्ट. टाकीत थोडा शाम्पू टाकायची सवय बऱ्याच जणांना असते. साबणाने पृष्ठताण कमी होतो, साधारण ०.०३ पर्यंत. मग केशाकर्षण कमी व्हायला हवं ना? पण चढण ठरवतो तो पृष्ठताण आणि स्पर्शकोनाची कोसाइन यांचा गुणाकार. पीव्हीसीवर साध्या पाण्याचा स्पर्शकोन ८५ अंशांच्या आसपास, त्याची कोसाइन जवळजवळ शून्य. साबणाच्या पाण्याने पीव्हीसी चांगलं भिजतं, कोसाइन ०.९ धरा. गुणाकार साध्या पाण्याचा ०.००६, साबणाचा ०.०२७, म्हणजे चौपटीच्या वर. तांब्याच्या फटीत फारसा फरक पडत नाही, पण आवरणांच्या मधून, टेपच्या खालून साबणाचं पाणी सरपटतं. परीक्षेत 'साबणाने पृष्ठताण कमी होतो' एवढं एक वाक्य लिहून गुण मिळतात. ते वाक्य इथे दिशाभूल करतं.

बंद कनेक्टर पाणी ओढतो

आता यावर एक आक्षेप घ्या. घ्यायलाच हवा. कनेक्टरला मागे रबरी सील असतात, तो हवाबंद असतो. वायरीच्या फटीतून पाणी आत येत असेल तर आतली हवा कुठे जाणार? ती दाबली जाईल आणि पाण्याला थोपवेल. हिशोब करा: साडेपंधरा मायक्रॉनच्या फटीतला केशदाब, ६० अंश धरून, सुमारे ४.६ किलोपास्कल. वातावरणाच्या दाबाच्या साडेचार टक्के. म्हणजे आतली हवा साडेचार टक्के दाबली की पाणी थांबलं. बंद टोक असलेल्या वायरीत पाणी फार आत जाऊ नये.

आक्षेप बरोबर आहे. आणि म्हणूनच पुढचा मुद्दा महत्त्वाचा. उन्हाळ्यात उभ्या गाडीच्या डिकीच्या दारातला कनेक्टर दुपारी ६० अंशांपर्यंत गेला आणि रात्री ३० अंशांवर आला असं धरा. ३३३ केल्विनवरून ३०३. आतली हवा बंदिस्त असेल तर दाब ९ टक्क्यांनी पडतो, म्हणजे ९ किलोपास्कल. केशदाबाच्या दुप्पट, आणि दिशा आत ओढण्याची! दुपारी गरम हवा फटीतून हळूहळू बाहेर पडते, रात्री कनेक्टर श्वास घेतो, आणि श्वासाच्या वाटेवर पाणी असेल तर पाणीच घेतो. दुसऱ्या दिवशी तापल्यावर हवा पुन्हा बाहेर जाते, आत आलेलं पाणी मात्र तळाशी बसलेलं असलं तर तिथेच राहतं. रोज एक घोट. जितकं सील चांगलं तितकी ही ओढ पक्की, कारण दुसरीकडून हवा येऊ शकत नाही.

आपल्याकडे दिवसरात्रीच्या तापमानात फरक मोठा. थंड देशांतल्या लेखांत नळी गोठून फुटण्याची चर्चा असते, ती इथे लागू नाही. इथे पाणी आत नेणारा पंप म्हणजे ऊन.

आणखी एक पेच. कनेक्टरची जलरोधकता तपासायची पद्धत ठरलेली आहे: आयईसी ६०५२९ हे मानक, आणि गाड्यांसाठी आयएसओ २०६५३. उदाहरणार्थ सातव्या पातळीत वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवतात. हे सगळं बाहेरून येणाऱ्या पाण्यासाठी. वायरीचं दुसरं टोक दोन मीटर पलीकडे कुठे ओलं आहे का, हा प्रश्न त्या चाचणीत येतच नाही. कनेक्टर पास, गाडी नापास.

१ मिलिअँपिअर पुरतो

पाणी आत पोचलं. पुढे काय? 'शॉर्ट सर्किट झालं' असं म्हणून विषय संपवतात. पण शॉर्ट झालं असतं तर फ्यूज उडाला असता, आणि काकांचा फ्यूज एकदाही उडाला नाही.

कनेक्टरमधल्या दोन पिनांत अडीच मिलिमीटर अंतर धरा, मध्ये पाण्याचा थर, त्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर. बोअरच्या पाण्याची वाहकता १००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर धरली तर रोध येतो १० किलोओहम. १२ व्होल्टला प्रवाह १.२ मिलिअँपिअर. फ्यूज १० अँपिअरचा. तो आठ हजारपटीने दूर आहे, त्याला काही कळतच नाही.

पण १ मिलिअँपिअर दोन कामं करतो. पहिलं काम खोडसाळ. डिकीचं बटण म्हणजे कंट्रोलरला जाणारी एक बारीक सूचना असते, आणि त्या वाटेवरचे रोधही काही किलोओहमचेच असतात. तिथे १० किलोओहमची ओली वाट तयार झाली की कंट्रोलरला वाटतं, बटण दाबलं. डिकी उघडते. भूत वगैरे काही नाही.

दुसरं काम सावकाशीचं. पाण्याचं विद्युत अपघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. इथे १२ आहेत. धन बाजूची पिन धनाग्र होते आणि तिचं तांबं विरघळायला लागतं. फॅरडेचा नियम अकरावी-बारावीत केलाय: १ अँपिअर प्रवाह तासाला साधारण १.१९ ग्रॅम तांबं विरघळवतो. मग १ मिलिअँपिअर तासाला १.१९ मिलिग्रॅम. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या वायरीच्या १ सेंटिमीटरमध्ये तांबं किती? ४५ मिलिग्रॅम. भागाकार करा: ३८ तास. सगळा प्रवाह तांबं विरघळवण्यातच खर्च होतो असं धरलंय; प्रत्यक्षात काही भाग ऑक्सिजन तयार करण्यात जातो, पिनांवर कथिलाचा मुलामा असतो, थर मधूनमधून सुकतो. म्हणून ३८ तासांचे आठवडे होतात. पण होतं ते हेच. हिरवी-निळी बुरशी दिसते ती बुरशी नसून तांब्याचे क्षार असतात.

यातून एक भाकीत निघतं, आणि ते तपासता येतं. ज्या वायरीत गाडी बंद असतानाही १२ व्होल्ट असतात ती आधी खराब व्हायला हवी, आणि किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी नंतर. काकांच्या गाडीचा कनेक्टर उघडला तेव्हा एकच पिन जवळपास गायब होती, शेजारच्या नुसत्या मळलेल्या. मल्टिमीटर लावला: किल्ली खिशात असतानाही तिच्यावर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज. नुसत्या ओलाव्याने गंज आला असता तर सगळ्या पिना सारख्या मळायला हव्या होत्या.

शेवटचा टप्पा धोक्याचा. अर्धवट खाल्लेल्या पिनेचा रोध वाढतो, समजा १ ओहम. २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब त्यातून चालला तर त्या एका टोकावर दोन-सव्वादोन वॉट उष्णता तयार होते, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. आणि एकूण प्रवाह वाढलेला नसतो, उलट कमी झालेला असतो. फ्यूज इथेही गप्प.

हे काही कागदी भय नाही. निस्सान कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ७ लाख ९३ हजारांवर 'रोग' गाड्या, २०१४ ते २०१६ च्या, परत बोलावल्या. तिथे वॉशरचा संबंध नव्हता. बर्फाच्या रस्त्यांवरचं मीठ मिसळलेलं पाणी चालकाच्या पायाजवळ साचायचं आणि वायरींच्या जुडग्यावर गुंडाळलेल्या टेपमधून वर चढून कनेक्टरमध्ये जायचं. गंज, बॅटरी उतरणं, आणि क्वचित आग. पाणी वेगळं, वाट तीच. अमेरिकेत अशा प्रत्येक रिकॉलसोबत कंपनीला घटनाक्रम द्यावा लागतो: पहिली तक्रार कधी आली, कारण कसं सापडलं. हे कागद सगळ्यांना मोफत वाचायला मिळतात. संशोधन कसं चालतं हे शिकायला पुष्कळ शोधनिबंधांपेक्षा ते बरे, कारण शोधनिबंधात चुकलेल्या वाटा पुसून टाकलेल्या असतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आपल्याकडेही असे घटनाक्रम खुले झाले पाहिजेत, असं माझं मत.

पाऊस की वॉशर?

मिस्त्रींचा अंदाज चुकीचा नव्हता, तो तपासलेला नव्हता. पाऊसही शक्य होता. दोन कारणं तोलायची असतील तर असा पुरावा शोधा जो एका बाजूने 'हो' म्हणेल आणि दुसऱ्या बाजूने 'नाही'. डिकीत ओल असणं हा असा पुरावा नाही, कारण ती दोन्हींत असते. नवे विद्यार्थी इथेच अडकतात: आपल्या गृहीतकाला जुळणारा पुरावा गोळा करत बसतात, तो दुसऱ्या गृहीतकालाही जुळतो हे बघत नाहीत.

वेगळं काय असेल? वेळ. पाऊस आमच्याकडे जून ते सप्टेंबर. काकांनी बॅटरी बदलली तो मार्च होता. एवढं एक पावसाच्या विरोधात बरंच वजनदार आहे, पण पुरतं नाही. गाडी धुतानाही पाणी शिरतं. दुसरं, पाण्याची जात. पावसाच्या पाण्यात क्षार फार थोडे, बोअरच्या पाण्यात पुष्कळ. आरओवाले वापरतात तो टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. डिकीच्या खळग्यात साचलेलं पाणी ड्रॉपरने उचललं, मीटरवरचा आकडा काकांच्या बोअरच्या आकड्याजवळ आला. (साचलेलं पाणी वाळत जातं तसा आकडा वाढतो, तेव्हा हाही एकटा पुरावा धरू नका. आणि गाडी त्याच बोअरच्या पाण्याने धुतली जात होती!) म्हणून तिसरं, निर्णायक. टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला, गाडी शेडमध्ये कोरडी ठेवली, भात्याखाली आणि खालच्या कोपऱ्यात पांढरा टिश्यू ठेवला, आणि मागचं बटण दहा सेकंद दाबलं. भात्याखालचा टिश्यू लगेच लाल झाला, कोपऱ्यातला संध्याकाळपर्यंत.

खर्च दहा रुपयांचा. वर्षभरात बदललेल्या सुट्या भागांचा हिशोब मी काकांना विचारला नाही.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. नुसता सांधा चिकटवू नका. फवाऱ्याचं तोंड व्हिनेगर आणि बारीक सुईने मोकळं करा, नाहीतर सांधा पुन्हा सुटेल. भात्यातली नळी मध्ये तुकडा न जोडता सलग बदला. वायर कापत मागे जा, जोपर्यंत आतलं तांबं लखलखीत दिसत नाही तोपर्यंत. काळी वायर म्हणजे पाणी तिथवर गेलेलं आहे. खराब पिन घासून चमकवून परत बसवणं म्हणजे महिन्याची मुदतवाढ. आणि टाकीत एसीच्या नळीतून टपकणारं पाणी भरा, ते क्षार नसलेलं असतं आणि फुकट असतं.

यातून विषय कसा काढायचा

'गाड्यांमधील पाणीगळतीचा विद्युत प्रणालीवरील परिणाम: एक अभ्यास' असा विषय घेऊन मार्गदर्शकांकडे गेलात तर ते बहुधा हो म्हणतील, आणि दोन वर्षांनी तुम्हाला कळेल की यात प्रश्नच नाही. प्रश्न असा हवा ज्याचं उत्तर 'नाही' येऊ शकेल. उदाहरणार्थ: आवरण असलेल्या अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या पिळाच्या वायरीत पाण्याचं अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं का? दुसरं टोक बंद केलं तर ते थांबतं का? बंद टोक रोज ६० अंशांवर तापवून गार केलं तर पुन्हा चालू लागतं का? तिसऱ्या प्रश्नाबद्दल मी वर जो हिशोब मांडला तो चुकीचा ठरला तर पेपर आणखी चांगला होईल.

साहित्य पदवीच्या प्रयोगशाळेत आहे. एकाच रिळातून कापलेल्या एकेक मीटरच्या वायरी, रंगीत मिठाचं पाणी, ओव्हन, मल्टिमीटर. आवरणातून पाणी दिसत नाही ही अडचण खरी आहे. ती सोडवायचे दोन मार्ग: ठरावीक वेळेनंतर एकेक वायर काढून सेंटिमीटर-सेंटिमीटरने कापत ओल कुठवर गेली ते बघायचं, किंवा वायर तराजूवर टांगून किती पाणी शोषलं ते वजनाने मोजायचं. पहिल्यात प्रत्येक वायर एकदाच वापरता येते, म्हणजे पाच वेळांसाठी प्रत्येकी पाच, एकूण पंचवीस वायरी लागतील. दुसऱ्यात एकच वायर पूर्ण वक्र देते, पण पाणी फटीत गेलं की आवरणाच्या बाहेरून चिकटलं हे तराजू सांगत नाही. दोन्ही करा, आणि आधी वजनाचं. त्याआधी वायरी एसिटोनने धुवायच्या की नाही ते ठरवा आणि वहीत लिहून ठेवा, कारण कारखान्यातून येताना तांब्यावर तार ओढताना लावलेलं तेल असतं, आणि स्पर्शकोन त्यावरच ठरतो.